होडी थांबवायला शिका

प्रश्न : आठ महिने एकटीने लेझर डिंगी, म्हणजे एका शिडाची छोटी होडी, चालवते आहे. गेल्या रविवारी पहिल्यांदा शर्यतीत उतरले. सुरुवातीचा भोंगा झाला तेव्हा मी रेषेच्या खूप मागे होते. पुढे कुणीतरी ‘स्टारबोर्ड!’ म्हणून ओरडलं. मी घाबरून टॅक घेतला, म्हणजे होडीचं तोंड वाऱ्यातून पलीकडे वळवायला गेले, आणि होडी वाऱ्यासमोर अडकून पडली. नंतर बोयालाही, म्हणजे वळणाच्या तरंगत्या खुणेलाही, घासली. शेवटून पहिली आले. सरावात तर माझी होडी छान पळते! आता आधी नियमांचं पुस्तक पाठ करू की पुन्हा उतरू?

उत्तर : पुन्हा उतरा, तेही पुढच्याच शर्यतीत. तुम्ही शर्यत पुरी केलीत, हे मला फार आवडलं. पहिल्याला 1 गुण, दुसऱ्याला 2, असे गुण वाढत जातात आणि कमी गुणांचा जिंकतो. अर्धवट सोडणाऱ्याला मात्र नावं दिलेल्या होड्यांच्या संख्येपेक्षाही एक गुण जास्त बसतो.

‘सरावात छान पळते’ असं लिहिलंत, मला वाटतं खरी अडचण तिथेच आहे. सरावात आपण पळायलाच शिकतो. रेषेपाशी मात्र होडी उभी ठेवता यावी लागते, आणि डिंगीला ब्रेक नसतो. माझ्या पहिल्या शर्यतीत मीही लांब घिरट्या घालत राहिलो, मिनिटभर उरल्यावर रेषेकडे वळलो, तर पुढे शिडांची भिंत. त्या शिडांमागून येणारा वारा फाटका, गढूळ. होडी हलेचना. त्या दिवशी मी पहिल्या शंभर मीटरमध्येच मागे पडलो होतो.

म्हणून एखादा नांगरलेला बोया गाठा आणि घड्याळ लावून एक मिनिट त्याच्या शेजारून हलू नका. वाऱ्याशी साधारण 45 अंशांचा कोन, शीड सैल, फडफडणारं. होडी मागे सरायला लागली की मेनशीट, म्हणजे शिडाची दोरी, वीतभर ओढायची, पुढे जायला लागली की सोडायची. वेग अगदीच गेला तर सुकाणू पाण्याला धरत नाही, टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, हातात नुसता हलत राहतो. तो हलका झालेला टिलर ओळखू आला की अर्धं काम झालं. मग शेवटचे दहा सेकंद मोजून शीड ताणा, अंग बाहेर टाकून होडी सपाट करा आणि सुटा. असं वीस वेळा करा. कंटाळा येईल, तरी करा.

घड्याळ भोंग्यावर नको, झेंड्यावर लावा. 5 मिनिटं उरली की वर्गाचा, म्हणजे तुमच्या प्रकारच्या होड्यांचा, झेंडा चढतो, 4 ला तयारीचा चढतो, 1 ला तो उतरतो आणि सुरुवातीला वर्गाचा उतरतो. भोंगा वाजला नाही तरी झेंड्याचीच वेळ धरतात.

पुस्तक सावकाश वाचा. सध्या दोन नियम पुरेत. उजवीकडून वारा घेणारी होडी स्टारबोर्ड टॅकवर, डावीकडून घेणारी पोर्टवर. पोर्टवाल्याने वाट द्यायची. दोघी एकाच टॅकवर शेजारी असतील, तर वाऱ्याकडच्या होडीने दूर राहायचं. ती आरोळी रागाची नव्हती हो, ‘मी येतेय’ एवढंच सांगणारी होती. अशा वेळी घाईने टॅक घेण्यापेक्षा तिच्या मागून जा. पण आधी मेनशीट सोडा, मग टिलर ओढा. शीड ताणलेलं असताना लेझर वाऱ्यापासून वळायला तयारच होत नाही, आणि नवशिक्यांची टक्कर बहुतेक याच क्षणी होते. वाऱ्यासमोर अडकलात तर बूम (शिडाखालचा आडवा दांडा) आणि टिलर दोन्ही आपल्यापासून एकाच बाजूला ढकला. होडी मागे सरकत तोंड फिरवेल, मग दोन्ही जवळ ओढा.

बोयाला घासलं की लगेच बाजूला होऊन एक पूर्ण फेरी घ्यायची, तिच्यात एक टॅक आणि एक जाइब, म्हणजे होडीची मागची बाजू वाऱ्यातून फिरवणं. कुणी पाहिलं नसलं तरी घ्यायची.

आणि पुढच्या वेळी रेषेच्या टोकाला, जिथे सगळे दाटतात, तिथे शिरू नका. मधे कुठेतरी उभ्या राहा आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे वारा जिकडे जातो त्या बाजूला, एका होडीएवढं पाणी मोकळं राखा. सुटताना वेग घ्यायला तेवढीच जागा मिळते. शेवटच्या मिनिटात कुणीतरी तिथे घुसू पाहीलच, तेव्हा नजर त्या पाण्यावरच ठेवा.