नवीन गेम कन्सोल घेताना हाय-डेफिनिशन असायलाच हवं का?

तुम्ही लिहिलंय की मुलगा अकरा वर्षांचा आहे, टीव्ही ४३ इंची आहे, सोफा नऊ फुटांवर आहे. एक कन्सोल १०८०पी देतो (म्हणजे चित्रात १०८० आडव्या ओळी), दुसरा ४के (त्याच्या दुप्पट ओळी), आणि किमतीत जवळजवळ दुपटीचा फरक. त्यात ऑफिसमधले लोक म्हणतात, ‘४के नसेल तर पैसे पाण्यात’. हे वाक्य वाचलं आणि उत्तर लिहायला बसलो, कारण २००७ पासून मी हेच ऐकत आलोय. तेव्हा ४केच्या जागी एचडी, म्हणजे हाय-डेफिनिशन, होतं आणि ऐकवणारे माझे सख्खे भावोजी होते.

मी तेव्हा प्रोजेक्टवर न्यू जर्सीत होतो. निन्टेंडो या जपानी कंपनीचा वी हा कन्सोल बाजारात येऊन वर्ष होत आलं होतं, तरी दुकानात मिळायचा नाही. रविवारी सकाळी माल येतो असं कळलं की लोक उजाडायच्या आत रांगा लावायचे. मीही दोन रविवार उभा राहिलो, दुसऱ्यांदा मिळाला. २५० डॉलर. सोबत वी स्पोर्ट्स या गेमची डिस्क फुकट, त्यात बोलिंग होतं. दिवाळीला डोंबिवलीला येताना कपड्यांमध्ये गुंडाळून आणला. त्याचा अमेरिकन अ‍ॅडॅप्टर १२० व्होल्टचा, म्हणून आल्या आल्या स्टेशनजवळून स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घेतला. घरी २१ इंची डबा टीव्ही. पिवळी-लाल-पांढरी वायर खोचली तर चित्र काळंपांढरं आणि खालून वर सरकणारं. टीव्हीच्या मेनूत पाल या आपल्याकडच्या पद्धतीच्या जागी अमेरिकेतली एनटीएससी केली, रंग आले.

आई तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची. मी तिला रिमोट दिला, पट्टा मनगटात अडकवला आणि एवढंच सांगितलं, ‘हा चेंडू आहे असं समज. मागचं बटण दाबून धर, हात मागे ने, पुढे आणताना सोड.’ तिने बांगड्या वर सारल्या, पदर खोचला आणि हात फिरवला. पहिला चेंडू गटारात गेला. दुसऱ्याला सात पिन पडल्या. तिसऱ्या दिवशी ती मनगट वळवून चेंडूला फिरक देत होती, आणि हे तिला मी शिकवलं नव्हतं. शेजारच्या दोन काकू दुपारी चहाला म्हणून यायच्या आणि दिवेलागणीपर्यंत खेळायच्या. आकडे आई कालनिर्णयच्या पानावर लिहायची, दुधाच्या खाड्यांशेजारी. ते पान माझ्याकडे आहे.

भाऊबीजेला ताई आणि भावोजी ठाण्याहून आले. भावोजींनी त्याच महिन्यात ४० इंची फुल एचडी टीव्ही आणि दुसऱ्या कंपनीचा एचडी कन्सोल घेतला होता. घेतला त्याचा मला आनंदच होता. पण आत आल्या आल्या त्यांनी टीव्हीकडे बघितलं आणि म्हणाले, ‘हे काय, ४८०? हे खेळणं आहे रे. पुढच्या दोन वर्षांत भंगारात जाईल.’ आई हातात रिमोट धरून उभी होती. तिला ४८० म्हणजे काय (चित्रातल्या ओळी, एचडीपेक्षा कमी) ते माहीत नव्हतं, पण ‘भंगार’ कळलं. ती रिमोट ठेवून आत गेली. हे मी आजही विसरलेलो नाही.

एचडी म्हणजे काय हे दाखवायला त्यांनी आपला कन्सोल सोबत आणलाच होता. तो आमच्या डबा टीव्हीला जोडला आणि पहिल्याच मेनूवर सगळं अडलं. अक्षरं मोठ्या पडद्यासाठी काढलेली, आमच्या टीव्हीवर मुंग्यांसारखी दिसायला लागली. ताईला वाचता येईना, मला वाचता येईना, भावोजी पडद्यापासून फूटभर अंतरावर उकिडवे बसले. शेवटी म्हणाले, ‘दोष टीव्हीचा आहे.’ अगदी बरोबर, आणि हेच मी अर्धा तास सांगत होतो. पिक्सेल, म्हणजे चित्रातले ठिपके, कन्सोलमध्ये किती आहेत याला महत्त्व नाही. पडदा किती मोठा आणि तुम्ही किती लांब, यावर सगळं आहे.

हिशोब साधा आहे. चांगल्या नजरेला साधारण कोनाच्या एका अंशाच्या साठाव्या भागाइतका बारकावा वेगळा कळतो. २१ इंची डबा, दिवाण सात फुटांवर: ४८०च्या चित्रातला एक पिक्सेल जवळजवळ तेवढाच भरतो. म्हणजे त्या हॉलमध्ये आईला यापेक्षा जास्त काही दिसणारच नव्हतं, कन्सोल कितीही महागाचा आणला असता तरी. आता तुमचा टीव्ही घ्या. ४३ इंच, नऊ फूट. या अंतरावर ७२०पीचा पिक्सेलच त्या मर्यादेच्या किंचित आत येतो. १०८०पी पुरून उरतो. ४केचा फरक डोळ्याला कळायचा तर मुलाला साडेपाच फुटांच्या आत बसवावं लागेल. ४केमध्ये १०८०पीच्या चौपट पिक्सेल असतात, ८३ लाखांच्या आसपास. ते काढायला कन्सोलची ताकद जाते, आणि त्या ताकदीचे पैसे तुम्ही मोजता.

त्याच दुपारची आणखी एक गोष्ट सांगतो. भाचा तेव्हा सहा वर्षांचा. वीची एक पट्टी असते, सेन्सर बार म्हणतात, ती टीव्हीवर ठेवायची. भाच्याने वायर ओढली आणि ती तुटली. रिमोट रोखला की पडद्यावर खुणेचा हात दिसतो, तो गायब झाला. भावोजी म्हणाले, ‘बघ, दोन वर्षंही लागली नाहीत.’ पण त्या पट्टीला सेन्सर हे नावच चुकीचं आहे. तिच्यात दोन टोकांना इन्फ्रारेड दिवे असतात, बाकी काही नाही. बघणारा कॅमेरा रिमोटच्या तोंडाशी असतो. दोन ठिपके दिसले की रिमोटला कळतं आपण कुठे रोखलोय. म्हणून मी टीव्हीवरचं क्रोशाचं कव्हर काढलं, ओवाळणीच्या ताटातलं निरांजन उचललं, देवघरातलं दुसरं आणलं, आणि डबा टीव्हीच्या डोक्यावर वीतभर अंतराने दोन्ही ठेवली. ज्योतीतूनही इन्फ्रारेड निघतोच. पडद्यावर हात परत आला. आई आतून बघत होती. आधी ओरडली, ‘टीव्ही पेटवशील!’ मग बाहेर आली, रिमोट घेतला आणि म्हणाली, ‘भावोजींना द्या एक, बघू.’ (ती जावयांना माझ्यासारखंच भावोजी म्हणते, ताई खूप चिडायची.)

आई १६७, भावोजी ११२. कालनिर्णयवर भाऊबीजेच्या चौकोनात आहे.

संध्याकाळी त्यांनी वी ठाण्याला नेऊन आपल्या ४० इंची टीव्हीला लावला आणि मला फोन केला: ‘धुरकट दिसतंय.’ दिसणारच. ४८०च्या ओळी ताणून १०८० भरल्या की कडा पसरतात. हे मी तेव्हाही नाकारलं नाही. पण ताई मागून ओरडत होती, ‘अहो, तुमची पाळी आहे!’ म्हणजे धुरकट असून खेळत होतेच.

पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. वी अमेरिकेत १९ नोव्हेंबर २००६ला आला, सोनीचा प्लेस्टेशन ३ त्याच्या दोन दिवस आधी, ५०० आणि ६०० डॉलरला, १०८०पी आणि एचडीएमआयसकट (एकाच वायरने टीव्हीला एचडी चित्र आणि आवाज देणारी जोडणी). मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६० त्याच्याही वर्षभर आधी, तोही एचडी. शेवटी वी विकला गेला १० कोटी १६ लाख, प्लेस्टेशन ३ पावणेनऊ कोटींच्या आसपास, एक्सबॉक्स ३६० आठ कोटी ४० लाखांच्या वर. म्हणजे तिघांत एकट्याकडे एचडी नव्हतं आणि तोच सर्वांत जास्त विकला गेला. शिवाय ज्यांच्याकडे एचडी होतं ते तरी किती एचडी होते? हेलो ३ हा त्या काळातला एक्सबॉक्सचा सगळ्यांत गाजलेला गेम आतून ११५२ बाय ६४० पिक्सेलमध्ये चित्र काढायचा आणि मग ते ताणून मोठं करायचा. बनवणाऱ्यांनीच ते सांगितलं होतं. लोकांनी आनंदाने खेळला, कारण गेम चांगला होता.

निन्टेंडोमध्ये ही जुनी शिकवण आहे. गुनपेई योकोई म्हणून तिथले इंजिनिअर होते, ते म्हणायचे की जुनं, स्वस्त, मुरलेलं तंत्रज्ञान घ्या आणि त्याचा नवा उपयोग शोधा. १९८९चा गेम बॉय, हातात धरून खेळायचा, त्यांच्याच टीमचा. हिरवट पडदा, रंग नाही, उजेड नाही. समोर सेगा या दुसऱ्या कंपनीचा गेम गिअर रंगीत आणि उजेडाचा, पण सहा सेल खायचा आणि काही तासांत बंद पडायचा. गेम बॉय चार सेलवर दिवसच्या दिवस चालायचा. कोण टिकलं ते आपण बघितलं.

माझं मत स्पष्ट आहे. कन्सोल कुणाच्या हातात जाणार आहे, हा पहिला प्रश्न. आईला भावोजींच्या कंट्रोलरवर एकदा बसवलं होतं. दोन काठ्या, दहा-बारा बटणं. तिने तो उलटसुलट करून बघितला आणि परत दिला. तिला पिक्सेल कमी पडले नव्हते, तिला सुरुवात कुठून करायची ते कळलं नव्हतं. ग्राफिक्स ग्राफिक्स करणाऱ्या लोकांनी घरातल्या अर्ध्या माणसांना खेळाबाहेर ठेवलं आणि वर त्यांनाच ‘तुम्हाला काही कळत नाही’ म्हणून सुनावलं. हे मला अजूनही पटत नाही.

आता तुमच्या प्रश्नाचं. तुमच्यासाठी १०८०पीवाला पुरे. उरलेल्या पैशात दुसरा कंट्रोलर आणि दोन चांगले गेम घ्या, म्हणजे मुलाबरोबर तुम्ही खेळाल. ४केपेक्षा गेम सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं, देतो की ३०, हे विचारा. तो फरक नऊ फुटांवरूनही कळतो आणि हातालाही कळतो. टीव्हीत गेम मोड असेल तर तो चालू करा, बटण दाबल्यापासून पडद्यावर दिसेपर्यंतचा उशीर कमी होतो. दुकानात मुलाला कंट्रोलर हातात धरायला द्या.

वीच्या बाजूने एवढं बोललोय, तर दुसरी बाजूही सांगायला हवी. आज एचडी अजिबात नसलेला कन्सोल घेऊ नका. कारण ग्राफिक्स नव्हे, कारण टीव्ही. आताच्या बऱ्याच टीव्हींना ती तीन रंगांची वायर लावायला जागाच नसते, आणि लावली तरी टीव्ही चित्र ताणताना हात आणि पडदा यांच्यात उशीर पाडतो. एचडीएमआय हवंच. मुलगा शर्यतीचे किंवा नेमबाजीचे गेम खेळणार असेल तर लांबचं लवकर ओळखता येणं कामाचं असतं, तिथे १०८०पी आणि ४८० यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. भावोजींच्या घरी गाड्यांचा गेम खेळताना मलाही हे मान्य करावं लागलं. मुलांची नजर वरच्या हिशोबापेक्षा तीक्ष्ण असू शकते. एचडीआर म्हणजे उजेड आणि रंगांचा पल्ला, तो लांबूनही दिसतो, त्याला ४केत मिसळू नका. पुढेमागे ६५ इंची टीव्ही घेणार असाल तर गणित बदलतं. आणि वीची ताकद कमी असल्यामुळे मोठमोठे गेम त्यावर आलेच नाहीत, किंवा आले तर कापून आले. हा तोटा खरा होता. पण तो प्रोसेसरचा होता, आणि भावोजींनी तो मुद्दा कधी मांडलाच नाही. त्यांचं एकच, ‘४८०, ४८०’.

२०१२ला वीचा पुढचा कन्सोल वी यू आला तेव्हा त्यांचा पुन्हा फोन आला होता: ‘बघ, शेवटी त्यांनाही एचडी द्यावंच लागलं.’ दिलं की. तो दीड कोटीही विकला गेला नाही. नाव घोटाळ्याचं, गेम थोडे, कारणं बरीच होती, एचडीमुळे पडला असं मी म्हणत नाही. पण एचडीने तारलंही नाही.

आमचा वी अजून चालतो. निरांजनांची गरज नाही, नवीन पट्टी ऑनलाइन मिळते. एचडीएमआयचं छोटं कन्व्हर्टरही घेतलंय. भावोजी, तुम्ही हे वाचालच. येत्या भाऊबीजेला मी ठाण्याला येतोय, वी घेऊन. टीव्ही तुमचा, ५५ इंची, त्यावर धुरकट दिसेल, आधीच सांगतो. आईचा खांदा हल्ली दुखतो, तरी विचारलं, तर येते म्हणाली.