खुणा केल्या तर मुलगी बोलणार नाही का?

“मॅडम, खुणा केल्या तर ही बोलायला शिकणारच नाही ना?” कमी ऐकू येणाऱ्या मुलांचे आईवडील हा प्रश्न मला वरचेवर विचारतात. चिऊच्या आईनेही तोच विचारला. (नाव आणि घरचे काही तपशील बदलले आहेत.)

चिऊ अडीच वर्षांची. दोन्ही कानांत तीव्र श्रवणदोष. बाळ झोपलेलं असताना काही मिनिटांत होणारी ऐकण्याची ओएई चाचणी जन्मानंतर तिच्या वाट्याला आलीच नाही. दीड वर्ष उलटलं, हाक मारली तरी मान वळेना, तेव्हा बेरा (आवाजाला कानाची नस आणि मेंदू प्रतिसाद देतात का, हे बघणारी तपासणी) केली आणि कळलं. ऐकण्याचं मशीन लागून आठ महिने झाले होते. मशीन लागल्यावर नात्यातल्या कुणीतरी सांगितलं, ‘आता हातवारे बंद करा, नाहीतर तोंड उघडणारच नाही.’ घराने ते मनावर घेतलं. चिऊ आईचा हात धरून माठाकडे ओढायची, आई हात सोडवून घ्यायची. ‘पाणी म्हण, मग देते.’ मग आदळआपट, चावणं, मशीन उपटून फेकणं. “फार हट्टी झालीये,” आई म्हणाली.

हट्टी नव्हती ती. तहानलेली होती, आणि ते सांगायची तिच्याकडची एकुलती एक वाट घरच्यांनी बुजवून टाकली होती. मला हे ऐकताना फार वाईट वाटतं, कारण असं करणारे आईबाप निष्काळजी नसतात. ते जिवाच्या आकांताने मुलाचं भलं बघत असतात.

मी विचारलं, “ताई, ऐकू येणारं बाळ पहिला शब्द कधी बोलतं?”

“वर्षाचं होता होता.”

“तोवर काय करतं?”

“ऐकतं... बोट दाखवतं, हात पसरतं.”

“चिऊला नीट ऐकू यायला लागून आठच महिने झालेत. अंगाने अडीच वर्षांची असली तरी ऐकण्याच्या बाबतीत ती अजून तान्हीच आहे.”

खुणांमुळे बोलणं अडतं, याला अभ्यासांतून ठोस आधार मिळालेला नाही. पहिली तीन-चार वर्षं कुठल्याच भाषेविना गेली तर मात्र ती पुढे भरून काढणं फार कठीण जातं. जन्मतः कमी ऐकू येणाऱ्या मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त मुलं ऐकणाऱ्या आईवडिलांच्याच घरी जन्मतात, म्हणून घरात खुणांची भाषा आयती नसते, ती मोठ्यांना शिकावी लागते. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राने दहा हजार शब्दांचा व्हिडिओ-कोश केला आहे. त्यातले रोजच्या वापरातले वीस-पंचवीस शब्द आधी घ्या, असं मी सुचवलं.

इतका वेळ गप्प बसलेल्या आजी तेव्हा म्हणाल्या, “मी करते हो खुणा. हिची आई स्वयंपाकघरात गेली की.” सुनेकडे बघायचं टाळत होत्या. घरात चिऊ सगळ्यात शांत आजींजवळ का असते, हे कोडं तिथे सुटलं.

“आजी, आता उघड करा. पण हात हलले की तोंडही हललं पाहिजे. तिच्यासमोर, हातभर अंतरावर बसा. टीव्ही बंद. कुकरची शिट्टी झाली की कानाला बोट लावून दाखवा, ‘ऐकलंस? शिट्टी!’”

मशीन फेकण्याचं दुसरंही कारण निघालं. मशीन कानात बसवणारा साचा लहान पडून सैल झाला होता, त्यामुळे मशीन सारखं शिट्टी मारायचं. या वयात कान भराभर वाढतो, साचा काही महिन्यांनी बदलावाच लागतो. नवीन साचा आल्यावर जागेपणी मशीन कानावर राहू लागलं. आंघोळ आणि झोप सोडून ते कानावरच हवं, कारण खुणा असल्या तरी ऐकण्याचा सराव सुटता कामा नये.

वडिलांना एक काम दिलं. रोज सकाळी तिच्या पाठीमागे उभं राहून आ, ई, ऊ, म, श, स हे सहा आवाज काढायचे आणि कुठल्याला ती प्रतिसाद देते ते वहीत लिहायचं. त्यातून मशीन चालू आहे की नाही तेही कळतं आणि कुठले आवाज तिच्यापर्यंत पोचतात तेही.

हल्ली चिऊ पाण्याची खूण करते आणि सोबत ‘पा’ म्हणते. चावणं जवळजवळ थांबलंय. ‘श’ आणि ‘स’ला मात्र वहीत रोज फुली आहे. मशीनने ते आवाज पोचत नसतील तर कॉक्लिअर इम्प्लांटचा (शस्त्रक्रिया करून कानाच्या आत बसवायच्या यंत्राचा) विचार उशीर न करता व्हायला हवा. खर्चाच्या धास्तीने वडील तो विषय टाळत होते. केंद्र सरकारच्या अ‍ॅडिप योजनेत पात्र मुलांना इम्प्लांटसाठी मदत मिळते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. पुढची भेट ऑडिओलॉजिस्टसोबत, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञांसोबत, ठेवली आहे. वही घेऊन या म्हणून सांगितलंय, आणि आजींनाही आणा म्हटलंय.