वाचकांचे प्रश्न : पोरगा बहरीनला आणि रस्त्यावर जाळपोळ

प्रश्न : मुलगा बहरीनला सित्र्याजवळच्या लेबर कॅम्पात वेल्डर आहे. मोर्चे आणि टायर जाळण्याच्या बातम्या आल्या की घरात एकच धोशा लागतो, ‘आमना पोऱ्या तठे एकलाच शे, त्याले बलाई ल्या.’ बोलवावं का? (एक पालक, चोपडा)

उत्तर : घाईघाईत नको. न सांगता काम सोडलं तर मालक गैरहजेरीची तक्रार टाकतो आणि मग विमानतळावर अडकायला होतं. जायचंच असेल तर आधी कंपनीला व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा ईमेलवर लेखी कळवावं. ‘रस्ता बंद आहे, ड्युटीवर येता येत नाही’ एवढं वाक्यही पुढे कामाला येतं.

धोका कुठे असतो ते नीट समजून घ्या. 14 फेब्रुवारी 2011 ला बहरीनमध्ये सरकारविरोधी आंदोलन सुरू झालं आणि राजधानी मनाम्याचा पर्ल चौक त्याचं केंद्र झाला. 14 मार्चला सरकारच्या मदतीला सौदीचं सैन्य आणि अमिरातीचे पोलिस आत आले, दुसऱ्या दिवशी आणीबाणी लागली आणि 18 मार्चला चौकातला मोत्याचा स्तंभच पाडला गेला. त्या दिवसांत दक्षिण आशियाई कामगारांवरही हल्ले झाले. तिथल्या पोलिसांत पाकिस्तानातून भरती केलेले बरेच होते, त्याचा राग सगळ्यांवर निघाला. अंधारात जमावाला पाकिस्तानी कोण आणि यावलचा कोण, ते कसं कळणार? म्हणून मुलाला सांगा, पोलिस वाटेल असा खाकीसारखा किंवा गडद निळा शर्ट नको. शुक्रवारच्या नमाजानंतर, अंत्ययात्रेच्या वेळी आणि 14 फेब्रुवारीच्या आसपास सित्रा किंवा बुदैया रस्त्याकडच्या गावांत फिरणं नको. रात्री कंपनीच्या बसनेच परतावं. समोर टायर जळताना दिसले तर फाटा घ्यावा, बस थांबवून बघत बसू नये.

प्रश्न : अश्रुधूर खोलीत शिरला तर काय करायचं? ओला रुमाल पुरतो का? (धुळे)

उत्तर : थोडाच. हा धूर हवेपेक्षा जड, त्यामुळे तळमजल्यावर साचतो. वरच्या मजल्यावर जा. खिडकीचा एसी बाहेरची हवा आत ओढू शकतो, तो आधी बंद करा आणि फटीत ओला टॉवेल कोंबा. स्प्लिट एसीत तो धोका कमी. डोळे चोळू नका, भरपूर साध्या पाण्याने धुवा. लेन्स असतील तर काढून टाका. कपडे बदला, नाहीतर कण अंगावरच राहतात. नळकांडी आत पडली तर उघड्या हाताने उचलू नका, चटका बसतो.

कॅम्पात तीन दिवसांचं सामान असू द्या : माणशी दिवसाला 4 लिटर पाणी, चुरमुरे, शेंगदाणे, खजूर, नेहमीची औषधं, पॉवर बँक आणि रोख 40-50 दिनार. आईने दिलेले लाडूही चालतील, फक्त ते पहिल्याच आठवड्यात संपतात.

प्रश्न : भाऊ मोर्च्याचा व्हिडिओ गावच्या ग्रुपवर टाकतो. त्यात काय बिघडलं? (अमळनेर)

उत्तर : बरंच काही. आखाती देशांत अफवा पसरवणं हा गुन्हा आहे. अमिरातीच्या 2021 च्या कायद्यात किमान एक वर्ष कैद आणि एक लाख दिरहम दंड आहे, संकटकाळात तो दुप्पट. बहरीनचे कायदे वेगळे, पण वृत्ती तीच. 2024 च्या जुलैमध्ये अमिरातीत 57 बांगलादेशींना शिक्षा झाली, तिघांना जन्मठेप. त्यांनी मोर्चा काढला होता तो स्वतःच्या देशातल्या सरकारविरुद्ध! सप्टेंबरमध्ये त्यांना माफी मिळाली, हे नशीब. भावाला म्हणावं, व्हिडिओ काढूच नको. कोणी पाठवला तर पुढे ढकलू नको. गावच्या ग्रुपलाही आवरा, कारण घरून गेलेला फॉरवर्ड त्याच्याच फोनमध्ये साठतो.

प्रश्न : पासपोर्ट कंपनीकडे ठेवून घेतला आहे. विमानतळ बंद पडला तर पुलावरून सौदीत जाता येईल का? (नंदुरबार)

उत्तर : किंग फहद पूल साधारण 25 किलोमीटरचा, पण पलीकडे सौदीचा व्हिसा लागतो. बहरीनचा व्हिसा दाखवून सोडत नाहीत. त्या वाटेवर आशा ठेवू नका.

पासपोर्ट नसेल तर भारतीय दूतावास इमर्जन्सी सर्टिफिकेट देतो, फक्त भारतात परतण्यापुरतं. त्यासाठी पासपोर्टच्या पहिल्या-शेवटच्या पानाचा, व्हिसाचा, सीपीआर कार्डाचा (बहरीनचं ओळखपत्र) आणि कराराचा स्पष्ट फोटो इथे घरच्या फोनमध्ये हवा. आजच मागवून घ्या, नंतर फोन लागत नाही. तक्रार परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर नोंदवा, टोकन क्रमांक लिहून ठेवा. प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा टोल फ्री क्रमांक 1800-11-3090.

एमिग्रेशन तपासणीच्या (कामासाठी देश सोडण्याआधी मंजुरी लागते अशा) म्हणजे ईसीआर पासपोर्टवर गेला असेल तर प्रवासी भारतीय बीमा योजनेचा विमा असेलच : अपघाती मृत्यू किंवा कायम अपंगत्वाला 10 लाख रुपये, हप्ता दोन वर्षांना 275 आणि तीन वर्षांना 375 रुपये, कर वेगळा. मुदत संपली का ते पाहून घ्या. आणि फोन करताना लक्षात असू द्या, तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. सकाळी सहाला केलेला फोन त्याला साडेतीनला उठवतो.