वणवा मार्चात, बैठक ऑक्टोबरात

सरकारी जंगलातल्या वणव्यांच्या नियोजनात गावाने कसं उतरायचं, याविषयी वाचकांचे बरेच प्रश्न आले. त्यांतले सात इथे घेतले आहेत. उत्तरं महाराष्ट्रातल्या पानझडी जंगलांना धरून आहेत.

प्रश्न : गावाला लागून वन विभागाचं राखीव जंगल आहे. वणवा लागला की आम्हाला हाक येते. जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून गवत-पाला काढून मोकळा ठेवलेला पट्टा) कुठून काढायची हे मात्र कधी कोणी विचारत नाही. विचारलं जावं असा आमचा हक्क आहे का?

हक्क आहे. तो किती मजबूत, हे तुमच्या गावाच्या कागदांवर ठरतं. हाक येते ती भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम ७९ मुळे. जंगलात हक्क किंवा सवलत उपभोगणाऱ्यांनी आगीची खबर द्यायची आणि ती विझवायला मदत करायची, असं ते कलम सांगतं. नियोजनाच्या वेळी या लोकांना विचारा, असं त्यात नाही.

वनहक्क कायदा २००६ ने चित्र बदललं. सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभेला त्या जंगलाचं संरक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा अधिकार आहे. २०१२ च्या सुधारित नियमांनुसार ग्रामसभेची समिती स्वतः व्यवस्थापन आराखडा तयार करते आणि तो वन विभागाच्या आराखड्यांशी जोडला जातो. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला हा हक्क २००९ मध्ये मिळाला. तुमच्याकडे असा दाखला असेल, तर वणव्याचं प्रकरण तुमच्याच आराखड्यात असायला हवं. नसेल, तर गाव आणि वन विभाग यांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीचा सूक्ष्म आराखडा, म्हणजे गावापुरता आराखडा, हा दुसरा मार्ग. तो कमकुवत आहे, कारण समितीचं दप्तर सहसा वन कर्मचाऱ्याकडे असतं आणि निधी संपला की बैठकाही थांबतात. समितीही नसेल तर ग्रामसभेचा ठराव उरतो, पण नीट लिहिलेल्या ठरावाला कमी लेखू नका.

प्रश्न : ठराव दरवर्षी करतो, काही होत नाही. त्यात नेमकं काय लिहायचं आणि कधी?

आधी ‘कधी’. महाराष्ट्रात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून मानतात. जाळरेषांची कटाई-जळाई त्याआधी उरकलेली असावी लागते. म्हणजे २६ जानेवारीच्या ग्रामसभेत विषय घेतला, तर कामं आधीच मंजूर होऊन अर्धी झालेली असतात. विषय २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत घ्या. ठराव वाया जातात त्याचं सगळ्यात मोठं कारण ही तारीख आहे, असं आम्हाला वाटतं.

ग्रामसभेआधी दोन आठवडे नकाशाचं काम करा. आपल्या नियतक्षेत्राचा (वनरक्षकाच्या हद्दीचा) कक्ष क्रमांक, म्हणजे जंगलाच्या तुकड्यांचे क्रमांक, असलेला नकाशा वनरक्षकाकडे मागा. मिळाला नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. त्यावर चार गोष्टी खुणेने दाखवा : गेल्या चार-पाच वर्षांत आग जिथून सुरू झाली त्या जागा, मोहाच्या झाडांचे पट्टे, पायवाटा आणि शेताचे बांध, आणि उन्हाळ्यातही टिकणारं पाणी. यात चूक होते ती पहिल्या खुणेत. लोक जळालेलं क्षेत्र दाखवतात, पण नियोजनाला सुरुवातीची जागा लागते. आग वाऱ्याने कुठेही जाते, ती लागते मात्र पुन्हा पुन्हा त्याच दोन-तीन ठिकाणी. ही माहिती गुराख्यांकडे आणि मोहफुलं वेचणाऱ्या बायांकडे असते. भरसभेत ही माणसं फारशी बोलत नाहीत, त्यांच्यासोबत वेगळं बसा. कोणी लावली हे विचारू नका. कुठे लागते एवढंच विचारा, नाहीतर तोंडं बंद होतात.

आता मजकूर. ‘वणव्यापासून जंगलाचे संरक्षण करण्यात यावे’ असा ठराव फाईलला लागतो आणि तिथेच राहतो. त्याऐवजी कक्ष क्रमांक लिहा, नाल्यापासून टेकडीच्या खिंडीपर्यंत किती मीटर जाळरेषा हवी ते लिहा, काम कोणत्या तारखेपर्यंत व्हावं, मजुरी कोणत्या कामाखाली मिळावी, हेही लिहा. हंगामी अग्निरक्षक म्हणून गावाने सुचवलेली नावं द्या आणि पाळीच्या वेळा ठरवा. पाळीत दुपारी बारा ते अंधार पडेपर्यंत माणूस असलाच पाहिजे. पाला तेव्हा सगळ्यात कोरडा असतो आणि वाराही तेव्हाच उठतो. प्रत वनक्षेत्रपाल आणि उपवनसंरक्षक या दोघांना द्या. आवक क्रमांकासह पोच घ्या.

प्रश्न : आमच्याकडे जाळरेषा वेळेवर काढतात, तरी आग ती ओलांडून येते. रुंदी वाढवून मागावी का?

रुंदीआधी तीन गोष्टी तपासा. पहिली, कापलेलं गवत कुठे गेलं? ते रेषेच्या काठावरच ढीग लावून ठेवलं असेल, तर आगीसाठी पायरी तयार केल्यासारखं आहे. दुसरी, रेषा कधी साफ झाली? डिसेंबरात झाडलेल्या रेषेवर सागाची पानगळ चालूच राहते आणि मार्चपर्यंत पुन्हा चादर बसते. त्यामुळे फेब्रुवारीअखेर आणि मार्चमध्ये दुसरी झाडणी लागते. नियोजनात हीच सुटते, कारण खर्च पहिल्या कटाईचाच धरलेला असतो. तिसरी, रेषेलगतची वाळलेली उभी झाडं. पोकळ खोड पेटलं की ठिणग्या वरून पडतात आणि खोड आडवं झालं तर आगीला पूलच मिळतो.

एवढं ठीक असेल तर मग रुंदीचं बोला. उंच गवताच्या चढावर, खालून आग येणार असेल तिथे जास्त रुंदी मागणं रास्त आहे. सरसकट सगळीकडे मागितली तर साफसफाईचा बोजा वाढतो आणि रेषा अर्धवट राहते.

प्रश्न : मोह आणि तेंदूमुळे आगी लागतात म्हणून ग्रामसभेने दंड ठेवावा का?

नुसता दंड ठेवला तर आग लावणं थांबत नाही, रात्री लावणं सुरू होतं. कारणं समजून घ्या. मोहफुलं पाचोळ्यात दिसत नाहीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात आणि पाठ फिरली की आग निसटते. उपाय म्हणजे झाडाखाली जाळी किंवा जुनी साडी अंथरणं. फुलंही स्वच्छ मिळतात, मातीची कमी. जाळी परवडत नसेल तर झाडाभोवती तीन-चार हात रुंदीचं कडं जमिनीपर्यंत झाडून घेऊन आतला पाला एकत्र लोटावा. पेटवायचाच असेल तर सकाळी, दोघांनी, पूर्ण विझेपर्यंत थांबून.

तेंदूचं, म्हणजे विडीच्या पानांचं, कारण वेगळं. आग लागून गेल्यावर कोवळी पालवी येते, म्हणून झुडपं जाळतात. तेच काम फेब्रुवारी-मार्चमध्ये खुटकटाई (झुडपं बुंध्याशी छाटणं) केली की होतं. खुटकटाईला मजुरी लागते, काडीपेटीला लागत नाही, खरी अडचण ती आहे. म्हणून तेंदूचा लिलाव ग्रामसभा स्वतः करत असेल, तर करारातच खुटकटाईची रक्कम आणि ‘आग लावणार नाही’ ही अट घाला. नुसतं तोंडी बोलून कंत्राटदारावर सोडू नका.

प्रश्न : उपग्रहावरून आगीचा एसएमएस गावकऱ्याला मिळतो का? त्यावर भिस्त ठेवावी का?

मिळतो. भारतीय वन सर्वेक्षण २००४ पासून उपग्रहावरून आगी टिपत आहे. त्यांच्या वन अग्नि पोर्टलवर कोणालाही मोबाईल क्रमांक नोंदवता येतो. गावातल्या तिघा-चौघांनी तरी नोंदवावा. मर्यादा मात्र ओळखा. उपग्रहावरच्या, आग टिपणाऱ्या व्हिअर्स संवेदकाचा एक ठिपका ३७५ मीटरचा असतो, म्हणजे आग दाखवलेल्या बिंदूवरच असेल असं नाही. उपग्रह साधारण दुपारी दीड आणि रात्री दीडच्या सुमारास वरून जातो. चारला लागलेली आग रात्रीच दिसते. दाट छत्राखालची बारीक सरपटती आग कधी दिसतच नाही. म्हणून उंचवट्यावर बसलेला माणूस आणि १९२६ हा वन विभागाचा निःशुल्क क्रमांक, या दोन्ही गोष्टी हव्यातच.

प्रश्न : विझवायला जाणाऱ्या तरुणांसाठी आराखड्यात काय असावं?

सुती कपडे, बंद बूट, माणशी किमान दोन लिटर पाणी, आणि आग न विझवता फक्त नजर ठेवणारा एक माणूस. चढावर आगीच्या वर कधीही उभं राहायचं नाही. उतार दर १० अंशांनी वाढला की वर चढणाऱ्या आगीचा वेग साधारण दुप्पट होतो. ज्वाळा कंबरेच्या वर गेल्या की समोरून झोडपणं बंद. जळून गेलेल्या बाजूने येऊन कडा आवळत न्यायच्या. ब्लोअर (पाला उडवणारं यंत्र) असेल तर हवा जळालेल्या भागाकडे, आणि पेट्रोलचा डबा लांब, सावलीत. परतण्याआधी धुमसणारी खोडं उकरून माती टाका. दुसऱ्या दिवशी दुपारी पेटतात ती हीच.

प्रश्न : आराखडा दिला, पोच घेतली, तरी विभागाने बाजूला ठेवला. पुढे काय?

कोणत्या पातळीवर अडला ते आधी शोधा. वर्षाच्या कामात घेतला नसेल, तर लेखी कारण मागा. तोंडी ‘निधी नाही’ पुरेसं मानू नका. जाळरेषा कार्य आयोजनेतच, म्हणजे वनविभागाच्या दीर्घ मुदतीच्या आराखड्यातच, दाखवलेली नसेल, तर वनक्षेत्रपालाच्या हातात फार काही नसतं. कार्य आयोजना साधारण १० वर्षांची असते आणि मुदत संपण्याच्या बरीच आधी नव्या आयोजनेचा प्राथमिक अहवाल तयार होऊ लागतो. तुमच्या वनविभागाची मुदत कधी संपते ते विचारून ठेवा आणि आपला नकाशा त्याच टप्प्यावर, थेट कार्य आयोजना अधिकाऱ्याकडे द्या. सोबत पाच वर्षांच्या आगींची तारीखवार वही जोडा : कधी दिसली, कोणत्या कक्षात सुरू झाली, किती वेळाने माणसं पोहोचली, कशाने विझली. वही आजच्या हंगामापासून सुरू केली तरी चालेल, फक्त मधलं वर्ष गाळू नका.