रात्री पाच-पाच वेळा लघवीला उठणाऱ्या ७२ वर्षांच्या सासऱ्यांचा त्रास हृदयाचा असू शकतो का?

असू शकतो. तुम्ही लिहिलंय, चार महिने प्रोस्टेटच्या गोळ्या घेऊनही काडीचा फरक नाही आणि घरातले 'वय झालं, चालायचंच' म्हणतात. ते वाचलं आणि राहवलं नाही.

माझ्या आईला प्रोस्टेट असायचा प्रश्नच नव्हता. तरी सत्तरीत ती रात्री चारदा उठायची. माझी खोली बाथरूमला लागून, कडी वाजली की मला जाग यायची. दादा म्हणाला, चार बाळंतपणं झालीत, लघवीची पिशवी सैल पडली असणार. त्याने संध्याकाळी पाचनंतर तिचं पाणी बंद केलं. बीपीच्या गोळीत लघवीचं औषध आहे असं कळल्यावर तीही कोणाला न विचारता बंद केली. लघवी आधीच जास्त होतेय, मग लघवीची गोळी कशाला, हा त्याचा हिशेब. मी विरोध केला तर 'तुला काय कळतं' म्हणून गप्प बसवलं.

दहा-बारा दिवसांत आईचा पाय चपलेच्या अंगठ्यात जाईना. संध्याकाळी नडगीवर बोट दाबलं की खळगा पडायचा आणि तसाच राहायचा. सकाळी मात्र पाय पुन्हा बारीक. मी दादाला एवढंच विचारत होते, की दिवसा पायात दिसणारं पाणी रात्रीत जातं कुठे?

लघवीवाटे जात होतं. हृदय कमी पडलं की दिवसभर पाणी पायांत उतरतं. आडवं झालं की तेच रक्तात परत येतं, मूत्रपिंडांना रक्तही जास्त मिळतं. वर हृदयाचे वरचे कप्पे ताणले गेले की ते लघवी वाढवणारं संप्रेरक सोडतात. १९८१ साली कॅनडात आदोल्फो द बोल्ड यांनी उंदरांच्या त्याच कप्प्यांचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला आणि त्यांची लघवी झपाट्याने वाढली, तेव्हा हे उघड झालं. संध्याकाळचं पाणी तोडून फार काही होत नाही ते यामुळेच.

शेवटी मीच तिला दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मापाचा मग घेऊन तीन दिवस लघवी मोजायला सांगितली. मी कॅलेंडरच्या चौकोनांत आकडे लिहिले: दिवसा ६०० मिली, रात्री ९००. म्हाताऱ्या माणसाची चोवीस तासांतली एक तृतीयांशाहून जास्त लघवी रात्री होत असेल, तर ती जास्त धरतात. प्रोस्टेटवाल्याला बहुधा थोडी-थोडी होते. आईला दर वेळी भरपूर व्हायची. तुम्ही आधी हे मोजा.

टू-डी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग ६० टक्के, म्हणजे नॉर्मल आलं, तेव्हा दादा म्हणाला, 'बघ, हृदय ठणठणीत आहे.' पंपिंग चांगलं म्हणजे हृदय चांगलं, हा समज साफ चूक आहे. आईचं हृदय कडक झालं होतं, आकुंचन व्यवस्थित, पण सैल पडून भरत नव्हतं. एनटी-प्रोबीएनपी ही हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ततपासणी बरीच वाढलेली आली. लघवीची गोळी परत सुरू झाली, सकाळी एक आणि दुपारी दोनला एक, म्हणजे तिचा जोर झोपेआधी ओसरतो. दुपारी तासभर पाय उशांवर. महिन्याभरात ती रात्री एकदाच उठायला लागली. दादाने आजतागायत 'माझं चुकलं' म्हटलेलं नाही.

आता हेही सांगते, की प्रत्येकाचं कारण हृदयच असतं असं नाही. साखर वाढलेली असेल, घोरताना श्वास अडकत असेल, तरी रात्री लघवी वाढते. अ‍ॅम्लोडिपिन या बीपीच्या गोळीने नुसते पायही सुजतात. सासऱ्यांची कुठलीही गोळी आपल्या मनाने बंद करू नका, आणि लघवीची गोळी दुकानातून आणून देऊ तर मुळीच नका. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलो वाढलं, आडवं झाल्यावर धाप लागायला लागली किंवा झोपायला उशा वाढल्या, तर मोजत बसू नका, त्याच दिवशी दाखवा.

एरवी तीन दिवसांचे आकडे कागदावर घेऊन फिजिशियनकडे संध्याकाळच्या वेळी जा, सकाळी सूज दिसत नाही. तिथेही कोणी 'वय झालं' म्हणालं, तर सासऱ्यांची पँट वर करून नडगी दाबून बघायला सांगा.