अमेरिकेतली काउंटी म्हणजे आपली जिल्हा परिषदच का? तिथे लोक नेमकं कुणाला मत देतात? आणि एका मताने काय होतं?

जिल्हा परिषद डोक्यात ठेवून काउंटी समजून घ्यायला गेलात तर गोंधळच होईल. मी कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा काउंटीचा मतदार आहे, म्हणून तिथलंच सांगतो. बाकी राज्यांत पदांची नावं आणि अधिकार वेगळे. टेक्सासात तर काउंटीच्या प्रमुखालाच ‘जज’ म्हणतात.

आमच्या काउंटीत सॅन होजे धरून १५ शहरं आहेत, वस्ती १९ लाखांच्या आसपास, आणि काउंटीचा कारभार पाहायला निवडून दिलेले सदस्य, म्हणजे सुपरवायझर, फक्त ५. शहरांच्या हद्दीतला कचरा, बांधकामाचे परवाने ही त्या त्या शहराची कामं. काउंटीकडे सरकारी रुग्णालयं, तुरुंग, सार्वजनिक आरोग्य, मालमत्तेच्या नोंदी आणि खुद्द निवडणुका घेणं. मार्च २०२० मध्ये ‘घराबाहेर पडू नका’ हा आदेश आधी बे एरियातल्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को खाडीभोवतालच्या, काउंट्यांनी काढला, राज्याने नंतर.

कलेक्टर मात्र सापडणार नाही. काउंटी एक्झिक्युटिव्ह असतो, पण त्याला हेच पाच जण नेमतात. राज्याकडून बदली होऊन कुणी येत नाही.

आपल्याकडच्या माणसाला चक्रावणारी गोष्ट पुढे आहे. शेरीफ, डिस्ट्रिक्ट अटर्नी आणि असेसर हेही निवडणुकीने येतात. म्हणजे पोलीसप्रमुख, सरकारी वकील आणि मालमत्ता करासाठी घराची किंमत ठरवणारा अधिकारी, तिघांनाही आम्ही मत देतो. मतपत्रिकेवर या पदांपुढे पक्ष नाही, चिन्ह नाही. उमेदवाराच्या नावाखाली दोन-तीन शब्दांत त्याचा व्यवसाय. खरं सांगायचं तर असेसरच्या रकान्याशी बरेच जण अडखळतात. इथे लॅरी स्टोन १९९५ पासून २०२५ पर्यंत त्या पदावर होते, यावरून काय ते समजा!

अधिकारी थेट लोकांनी निवडला की तो सुपरवायझरांचं ऐकेलच असं नाही. लॉरी स्मिथ या १९९८ मध्ये निवडून आलेल्या आमच्या शेरीफ, कॅलिफोर्नियात या पदावर निवडून आलेल्या पहिल्या महिला. पुढे शस्त्रपरवाने देताना मर्जीतल्यांना झुकतं माप दिल्याचे आरोप झाले. २०२१ मध्ये सुपरवायझरांनी अविश्वास दाखवला, पण पदावरून काढण्याचा अधिकार त्यांना नव्हता. शेवटी ज्युरीपुढे खटला चालला. २०२२ च्या अखेरीस निकालाच्या तोंडावर त्यांनी राजीनामा दिला, आणि काही दिवसांतच ज्युरीने त्यांना दोषी ठरवलं. लोकांनी निवडलेला अधिकारी हे ऐकायला छान वाटतं. मला मात्र तेव्हापासून या पद्धतीबद्दल शंकाच आहे.

मतदान बहुतेक घरबसल्या. नोंदणी असलेल्या प्रत्येकाला साधारण महिनाभर आधी टपालाने कागदी मतपत्रिका येते. ती भरायची, पाकिटावर सही करायची, टपालात किंवा ड्रॉप बॉक्समध्ये टाकायची. बोटाला शाई नाही; सही जुन्या सहीशी ताडून पाहतात. मतदानाच्या दिवसापर्यंतचा टपालाचा शिक्का असेल तर नंतर सात दिवसांत पोचलेलं पाकीटही मोजतात. त्यामुळे रात्री टीव्हीसमोर बसून निकाल लागेल ही आशा सोडा. सुपरवायझरच्या प्राथमिक फेरीत कुणाला निम्म्याहून जास्त मतं पडली तर तिथेच निकाल, नाहीतर पहिले दोघे नोव्हेंबरात पुन्हा भिडतात.

‘एका मताने काय होतं’ असंही तुम्ही विचारलंय. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या संसदेच्या (काँग्रेसच्या) इथल्या एका जागेच्या प्राथमिक फेरीत दुसऱ्या क्रमांकासाठी इव्हान लो आणि जो सिमिटियन यांना प्रत्येकी ३०,२४९ मतं पडली. हे सिमिटियन तेव्हा आमच्याच काउंटीचे सुपरवायझर. नियमाप्रमाणे पहिले आलेले सॅम लिकार्डो आणि हे दोघे, असे तिघेही नोव्हेंबरच्या फेरीत जाणार होते. पण कॅलिफोर्नियात कुणीही मतदार पैसे भरून फेरमोजणी मागू शकतो, आणि एकाने मागितली. सांता क्लारा आणि शेजारच्या सॅन मटेओ काउंटीने पुन्हा मतं मोजली, लो ५ मतांनी पुढे निघाले आणि सिमिटियन बाहेर पडले. नोव्हेंबरात जागा मात्र सॅम लिकार्डोंनी जिंकली.