सुई, पट्टा आणि खुरपं: तुमचे प्रश्न

हे सदर खरं तर क्विल्टचं, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून शिवलेल्या गोधडीचं, आणि बागेचं, पण या वेळी आलेल्या पत्रांतली निम्मी कुत्र्यांबद्दल आहेत, म्हणजे मागच्या वेळी मी आमच्या म्हाताऱ्या कुत्र्याबद्दल जरा जास्तच लिहिलं असणार. असो, तो आत्ता माझ्या पायावर डोकं ठेवून झोपलाय त्यामुळे उठता येत नाही, बसल्याबसल्या उत्तरंच लिहून टाकते.

प्रश्न: ताई, दोन वेळा कुत्र्याला फिरवणं, घरातलं सगळं, त्यात वसंत आला की बाग. मशीनवर कापड दोन महिने तसंच पडलंय. सात क्विल्ट अर्धवट आहेत. तुम्ही वेळ कुठून काढता?

उत्तर: सात म्हणजे काहीच नाही हो, माझे अकरा आहेत, आणि त्यातला एक ज्या बाळासाठी सुरू केला होता ते बाळ आता दाढी करतं. वेळ मी काढत नाही, सांडलेला गोळा करते. कोणीतरी मला सांगितलं होतं पहाटे चारला उठा, शांत वेळ मिळतो, तेही करून बघितलं, तीन ब्लॉक, म्हणजे तुकडे जोडून केलेले चौकोन, उलटे शिवले आणि ते उसवण्यात पुढचा रविवार गेला.

मला जे जमलं ते सांगते. रात्री झोपायच्या आधी उद्याचं पहिलं काम मशीनपाशी मांडून ठेवायचं, म्हणजे खालच्या दोऱ्याची बॉबिन भरलेली, सुईत दोरा ओवलेला, दोन तुकडे पिनेनं जोडून मशीनच्या कापड दाबणाऱ्या फुटाखाली सरकवलेले. सकाळी फिरून आलं की कुत्रा पाणी पिऊन आडवा होतो आणि घरातले बाकीचे अजून चहात असतात, ती वीस मिनिटं माझी. बसलं की पायानं पेडल दाबायचं बस, विचार करायचा नाही, कारण माझा वेळ शिवण्यात कधीच गेला नाही, कात्री कुठे आणि कुठल्या रांगेवर होते हे शोधण्यात गेला. साधा नऊ तुकड्यांचा ब्लॉक घ्या, त्याला आठ शिवणी लागतात, तीन रांगा करायला सहा आणि त्या रांगा एकमेकींना जोडायला दोन. तुकडे साडेतीन इंचाचे कापलेत आणि पाव इंच शिवण धरलीत तर क्विल्टमध्ये जोडल्यावर ब्लॉक 9 इंचाचा बसतो. रोज एक म्हटलं तरी महिन्याला तीस, ते पाच बाय सहा लावले की 45 बाय 54 इंच, मांडीवर घ्यायला पुरे होतं. रोज होत नाही हे मलाही माहितीये. आठवड्यात चार झाले तरी मी खूश.

आणि वसंतात मशीनशी भांडू नका. बाग वर्षातून एकदाच अशी फुटते, मशीन काय वर्षभर आहेच. त्या दिवसांत मी हातकाम बाहेर काढते, म्हणजे मुख्यतः बाइंडिंग, क्विल्टच्या कडेला शिवायची पट्टी. 60 बाय 80 च्या क्विल्टची कड होते 280 इंच, मला एका बैठकीत चाळीसेक इंच झेपतात, सात संध्याकाळी झाडांपाशी बसलं की संपलं. फक्त एक, मातीत काम केल्यावर बोटं इतकी खरखरीत होतात की दोरा प्रत्येक टाक्याला अडकतो, तर आधी हात नीट घासून क्रीम लावा आणि ते मुरेपर्यंत कापडाला हात लावू नका, तेलकट डाग पडतो.

प्रश्न: आमचं पिल्लू शिवणाच्या खोलीतून हलत नाही. दोरे चघळतं. काळजी करू का?

उत्तर: करा. इथे मी मस्करी करणार नाहीये. दोरा नुसता दिसतो निरुपद्रवी, पण लांब दोरा गिळला आणि त्याचं एक टोक कुठेतरी अडकलं की आतडं त्या दोऱ्यावर चुण्यांसारखं गोळा होतं, आपण कापडाला चुण्या घालतो ना अगदी तसंच, आणि दोरा आतून कापतसुद्धा जातो. तोंडातून किंवा मागून दोऱ्याचं टोक लोंबताना दिसलं तर ते ओढायचं नाही, कितीही मोह झाला तरी, सरळ डॉक्टरकडे. सुई गेल्याची शंका असेल, लाळ गळतेय, पंजानं तोंड खाजवतंय, ओकाऱ्या काढतंय, तरीही घरी उलटी करवायची नाही, येताना सुई जास्त इजा करते.

आमच्याकडे एकदा एक सुई कमी भरली. कुत्रा नुकताच टेबलाखालून बाहेर आलेला आणि ओठ चाटत होता. मी रडत, आमचे हे गाडी चालवत, मुलगी मागे त्याला धरून, डॉक्टरांनी एक्सरे काढला, पोटात काही नाही. परत येऊन यांनी घरातल्या चपला घातल्या आणि जी किंकाळी मारली त्यावरून सुई कुठे होती ते कळलं. तेव्हापासून सुया मोजून काढते, मोजून ठेवते. पिना लोहचुंबकाच्या बशीत, दोऱ्याचे तुकडे झाकणाच्या डब्यात, रोटरी कटर, म्हणजे कापड कापायचं गोल पात्याचं कटर, हातातून ठेवताना पातं बंद, आणि इस्त्रीची वायर टेबलाच्या मागून, शेपटी लागली की इस्त्री खाली यायला वेळ लागत नाही. पिल्लाला खोलीबाहेर काढायची गरज नाही, टेबलापासून लांब त्याची एक गादी टाका आणि तिथे बसलं की कौतुक करा.

केसांचं म्हणाल तर ते शिवले जाणारच. माझ्या एकाही क्विल्टमध्ये कुत्र्याचा केस नाही असं मी छातीठोक सांगू शकत नाही. क्विल्ट धुवायच्या आधी कोरडा असताना केस काढा, ओलसर रबरी हातमोजा एकाच दिशेनं फिरवला की गोळा होतात. बॉबिनच्या खाली मात्र दर दोनतीन बॉबिनला ब्रश मारा, तिथे कापडाचा भुगा आणि केस मिळून नमद्यासारखा थर होतो आणि मग मशीन टाके गाळायला लागलं की आपण बिचाऱ्या दोऱ्याला शिव्या घालतो.

प्रश्न: मुलाला आणि सुनेला लग्नात मी हातानं टाके घातलेला मोठा क्विल्ट दिला, दीड वर्षाचं काम. परवा त्यांच्याकडे गेले तर त्यांचा कुत्रा त्यावर पसरलेला, एका कोपऱ्यात बाइंडिंग कुरतडलेलं. मी काही बोलले नाही पण रात्रभर झोप लागली नाही. सांगू का त्यांना?

उत्तर: तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. एकदा तुमच्या बाजूनं, एकदा सुनेच्या बाजूनं, आणि एकदा कुत्र्याच्या, आणि खरं सांगू, कुत्र्याची बाजू सगळ्यात भक्कम निघाली. त्याला घरातली सगळ्यात मऊ जागा कळली.

वाईट वाटणार, दीड वर्ष काही थोडं नाही. पण एक विचारते, तो क्विल्ट कुठे होता? कपाटात नव्हता ना, सोफ्यावर किंवा पलंगावर होता, म्हणजे रोजच्या वापरात होता. माझ्या एका मैत्रिणीचा असाच क्विल्ट तिच्या भाचीनं 'खराब होईल' म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवला, सहा वर्षांनी उघडला तर दमटपणानं बुरशीचे ठिपके आणि घड्यांवर कापड विरलेलं. त्याला कोणी कुरतडलं नव्हतं, कोणी पांघरलंही नव्हतं.

तर बोला, पण तक्रार म्हणून नको. 'कोपरा उसवलाय, पुढच्या वेळी येईन तेव्हा सुईदोरा आणते' एवढंच म्हणा. कुरतडलेला भाग कापून तिथे नवी पट्टी लावायची, अडीच इंच रुंद, दुहेरी दुमडून, दोन्ही टोकं जुन्या पट्टीखाली आत सरकवून शिवायची, रंग वेगळा आला तर येऊ दे. सुनेला शेजारी बसवून टाका दाखवा, तिला आवडेल न आवडेल ते तिचं ती बघेल. आणि कुत्र्यासाठी एक वेगळा लहान क्विल्ट करा, जुन्या टॉवेलचं अस्तर घालून, मशीननं भराभर उभ्याआडव्या रेघा मारून, एका दिवसात होतो. तो त्यावरच झोपेल याची खात्री मी देत नाही हं. आमचा त्याच्या क्विल्टशेजारी, माझ्या क्विल्टवर झोपतो.

प्रश्न: बागेत डॅफोडिल फुलले ते बघून तेच रंग घेऊन क्विल्टचा टॉप, म्हणजे वरचा थर, केला. पिवळा, हिरवा, पांढरा, सगळे तेच. पण बाग जिवंत दिसते आणि माझा टॉप सपाट. काय चुकलं?

उत्तर: रंग नाही चुकले, फिकटगडद चुकलं. मोबाइलवर टॉपचा फोटो काढून काळापांढरा करून बघा, मी पैजेवर सांगते सगळं एकाच राखाडीत दिसेल. आता बागेचाही फोटो तसाच करून बघा, त्यात पानांच्या बुडाशी जवळजवळ काळं आहे, ओली माती काळपट आहे, आणि म्हणून फूल उठून दिसतं. आपण फुलाकडे बघतो आणि सावली घ्यायची विसरतो. दुसरं प्रमाण, बागेत पिवळा किती थोडा असतो! आपण तो मीटरनं घेतो.

मला हे कुत्र्यामुळे कळलं, तो एकेका झुडपापाशी पाच पाच मिनिटं हुंगत उभा राहतो, मग मी काय करणार, बघत बसते. वसंतातली कोवळी पानं हिरवी कमी आणि पिवळी जास्त असतात, पुढे उन्हाळ्याकडे जाताना ती निळसर गडद होत जातात, काहींची पहिली पालवी तर चक्क तांबूस असते. तुमचा टॉप उसवू नका. चारी बाजूंनी एक गडद अरुंद पट्टी लावा, अगदी शेवाळी किंवा ओल्या मातीच्या रंगाची, आणि मग लांबून बघा. नाही आवडलं तर मला पुन्हा लिहा.

प्रश्न: नवीन क्विल्ट पहिल्यांदा धुतला आणि लाल रंग पांढऱ्यावर पसरला. संपलं का सगळं?

उत्तर: वाळवला नसेल तर नाही संपलं. इस्त्री आणि ड्रायरपासून लांब ठेवा. मोठ्या टबात भरपूर गरम पाणी, साबण घालून क्विल्ट पूर्ण बुडेल असा बारा तास ठेवा, भरपूर पाणी महत्त्वाचं, कारण सुटलेला रंग पाण्यातच राहायला हवा. पाणी रंगीत झालं की बदलायचं आणि पुन्हा, कधी तीनचार फेऱ्या लागतात. व्हिनेगर आणि मिठानं रंग पक्का होतो असं सगळे सांगतात, विकतच्या सुती कापडावर त्याचा काही उपयोग नाही. पुढच्या वेळी लाल किंवा गडद निळा कापायच्या आधी ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून बघा.

प्रश्न: कुत्रा बागेत सतत उकरतो. फुलांचे कंद लावायचे आहेत, चालेल ना?

उत्तर: जपून. डॅफोडिल आणि ट्युलिप दोन्ही कुत्र्याला बाधतात आणि सगळ्यात जास्त विष कंदातच असतं, म्हणजे नेमकं तो उकरून काढणार तेच. कण्हेर तर अजिबात नको, ती हृदयावर जाते. कंद लावायचेच असतील तर वर जाळी टाकून दगडांनी दाबा, आणि खड्ड्यात हाडांचं खत घालू नका, त्याच्या वासानं तो खणतो, आपण म्हणतो बघा कसा खोडकर आहे. गोगलगायींसाठीच्या विषारी गोळ्या आणि कोकोच्या टरफलांचं आच्छादन, दोन्ही घरात आणूच नका. गुलाब, झिनिया, सूर्यफूल, स्नॅपड्रॅगन बिनधास्त लावा. उकरायला त्याला एक स्वतःचा कोपरा द्या, आमच्याकडे तो कोपरा दरवर्षी थोडा मोठा होतो.

प्रश्न: इस्त्रीनं गायब होणाऱ्या पेनानं डिझाइन काढलं होतं. हिवाळ्यात गाडीत रात्रभर राहिलेल्या क्विल्टवर सगळ्या रेघा परत आल्या!

उत्तर: त्या गेल्याच नव्हत्या. ती शाई साधारण 60 अंशांच्या पुढे रंगहीन होते आणि कडाक्याच्या गारठ्यात पुन्हा दिसायला लागते. परत इस्त्री फिरवा, पण पुढच्या वेळी हे पेन फक्त शिवणीच्या आत जाणाऱ्या भागावर वापरा. आणि पाण्यानं जाणाऱ्या निळ्या पेनाचं बरोबर उलटं, त्यावर इस्त्री लागली की डाग कायमचा बसू शकतो, आधी नुसत्या गार पाण्यात बुडवायचं.

प्रश्न: माझी बायको क्विल्ट करते. वाढदिवस जवळ आलाय. मला यातलं काही कळत नाही, कापड आणू का?

उत्तर: कापड नको! ते तिचं ती घेईल आणि कुठे ठेवलं तेही तुम्हाला कळणार नाही. रोटरी कटरची नवी पाती आणा, 45 मिलिमीटरची बहुतेक लागतील, पण आधी तिच्या कटरवर आकडा बघा. हे कटर ओल्फा कंपनीनं 1979 मध्ये आणलं, त्याआधी प्रत्येक तुकडा पुठ्ठ्याचा साचा ठेवून कात्रीनं कापावा लागायचा, तरीही आम्ही बायका बोथट पातं वर्षभर वापरतो, का ते विचारू नका. मशीनच्या 80 आणि 90 नंबरच्या सुयाही आणा. तिच्या कापडाच्या कात्रीनं गिफ्टचा कागद कापू नका, हे अनुभवानं सांगतेय, आमच्याकडे त्यावरून दोन दिवस अबोला होता. आणि त्या दिवशी सकाळी कुत्र्याला आणि मुलांना घेऊन बाहेर पडा, दोन तास तरी. किल्ली विसरली म्हणून मधेच परत येऊ नका.